खड्डा बसला की स्टेअरिंग थडथडतं, डँपर बदलला तरी महिन्याभरात पुन्हा तेच

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा त्रासही हाच आहे का ते लगेच कळेल. गाडी सरळ रस्त्यावर ६०-७० च्या वेगात छान चाललेली असते. पुलावरचा जोड किंवा एखादा आखूड खड्डा येतो, बहुतेक वेळा एकाच चाकाखाली. लगेच स्टेअरिंग डावी-उजवीकडे झटके मारायला लागतं, आणि हे झटके विरत नाहीत, वाढत जातात. आरसे, डॅशबोर्ड, गिअरचा दांडा, सगळं थडथडतं. वेग ३०-४० वर आला की एकदम शांत. गाडी बाजूला घेऊन खाली वाकून पाहिलं तर काहीच तुटलेलं नसतं, काहीच लोंबत नसतं. परत निघा, परत ७०, परत जोड, परत तेच.

ऑफ-रोडवाले याला 'डेथ वॉबल' म्हणतात. पुढे अख्खा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असलेला सॉलिड ॲक्सल असलेल्या गाड्यांचं हे दुखणं आहे: जीप रँग्लर, सुझुकी जिम्नी आणि तिच्या आधीची जिप्सी, लँड क्रूझरच्या ७० आणि ८० मालिका, जुनी डिफेंडर. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील तर थरथर होऊ शकते, पण ती या जातीची नसते.

गाडी चालू असताना हे झालं तर ब्रेक दाणकन मारू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, अंगठे मात्र आऱ्यांच्या आत घालू नका, आणि मागची वाहनं बघत गाडी सरळ ठेवून वेग उतरू द्या. हातांच्या जोराने वॉबल दबत नाही, वेग उतरला की आपणहून थांबतो. आणि कारण सापडेपर्यंत हमरस्त्यावर जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण मी गेलो होतो आणि शेजारी बायको होती.

ही गाडी मला कॉलेजात असल्यापासून हवी होती. नवी घेणं कधीच जमणार नव्हतं, म्हणून जुनी शोधत होतो, आणि शोधण्यातच काही वर्षं गेली. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष मॉडेलचा नव्हता, तिच्यावर झालेल्या कामाचा होता. पंचवीस वर्षांची गाडी, चासी चांगली, इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होणारं, फोर-बाय-फोर लो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर, व्यवस्थित लागणारा. आधीचे मालक म्हणाले, "स्टेअरिंगचा डँपर आत्ताच नवा टाकलाय." डँपर म्हणजे स्टेअरिंगचे झटके खाणारा शॉकअप. माणसाने गाडी जपली आहे, असं मला वाटलं. आज मी तेच वाक्य ऐकलं तर पहिला प्रश्न विचारेन: का टाकला?

हे नक्की तेच आहे का

प्रत्येक थरथर म्हणजे वॉबल नव्हे. चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर गुळगुळीत रस्त्यावरही एका ठरावीक वेगाला स्टेअरिंगमध्ये मुंग्या आल्यासारखं होतं आणि तो वेग ओलांडला की कमी होतं. फक्त ब्रेक लावल्यावर थरथर होत असेल तर ब्रेकच्या डिस्क बघा. हातांपेक्षा सीटला आणि पायाखाली जास्त जाणवत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची ताकद ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस बघा. वॉबलला ठिणगी लागते, म्हणजे खड्डा किंवा जोड, आणि एकदा पेटला की वेग उतरल्याशिवाय तो विझत नाही. ही दोन्ही लक्षणं असतील तरच पुढचं वाचा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच आधी करून घ्यावी. चिखलातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचे पोपडे वाळून बसतात. बाहेरून गाडी चकचकीत धुतलेली असली तरी आत हात घातल्यावर मुठीएवढं ढेकूळ निघतं. तेवढ्यानेही चाकाचं बॅलन्स जातं. चारही चाकांच्या आतून पाण्याचा फवारा मारा, बोटांनी चाचपा, आणि मग गाडी चालवून पाहा.

डँपर का फसवतो

सायकलचं सुटं चाक आसाला दोन्ही हातांनी धरून जोरात फिरवा आणि एका बाजूला कलवा. चाक हातातल्या हातात वळायला बघतं. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत एक चाक उचललं गेलं की अख्खा ॲक्सल कलतो, दोन्ही फिरती चाकं एकदम कलतात आणि दोन्हींना वळायचं असतं. जोड घट्ट असतील तर तो धक्का तिथेच मरतो. कुठे मिलिमीटरभर जरी खेळ असला तरी चाक तेवढं वळतं, टायर रस्त्यावर घासून त्याला परत ओढतो, ते मध्यावर न थांबता पलीकडे जातं, आणि मग गाडीच्या पुढे जाण्याचीच ताकद या हेलकाव्याला मिळत राहते. म्हणूनच वेग उतरवल्याशिवाय तो थांबत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. १९२३ च्या सुमारास कमी हवेवर चालणारे जाडजूड 'बलून' टायर आले, त्याच काळात पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले, आणि चांगल्या चांगल्या मोटारींची पुढची चाकं नाचू लागली. फ्रेंच अभियंता ब्रूलिए यांनी १९२५ मध्येच टायरच्या बाजूला सरकण्याचा या नाचण्याशी संबंध जोडून दाखवला होता. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी प्रवासी मोटारींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन द्यायला सुरुवात केली, त्यामागे या त्रासाचाही वाटा होता. आपण जुन्या गाडीला मूळ मापापेक्षा मोठे, जड आणि मऊ टायर लावतो तेव्हा शंभर वर्षांपूर्वीची तीच परिस्थिती पुन्हा तयार करतो. टायर लावू नका असं म्हणत नाही, माझ्याही गाडीला आहेत. पण मूळ टायरवर खपून जाणारा सैलपणा मोठ्या टायरवर खपत नाही.

आता डँपर. स्टेअरिंगचा डँपर म्हणजे आडवा लावलेला शॉकअप. दगडावर आपटल्यावर स्टेअरिंगला बसणारा झटका मऊ करणं एवढंच त्याचं काम. नवा, ताठ डँपर टाकला की तो हेलकावा दाबून धरतो आणि सगळं बरं झाल्यासारखं वाटतं. पण खालचा ढिला जोड तसाच असतो, रोज थोडा थोडा झिजत असतो, आणि सगळा मार डँपर खात असतो. काही आठवड्यांत डँपर थकतो आणि वॉबल आधीपेक्षा जोरात परत येतो. 'परत परत येणारा' वॉबल बहुतेक वेळा असाच घडतो. त्यामुळे डँपरचा विचार सगळ्यात शेवटी करा.

मी मात्र सगळं उलट्या क्रमाने केलं. पहिल्या वॉबलनंतर बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग आणखी एक डँपर, मग चारही टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यांची टोकं. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे बरे गेले. प्रत्येक वेळी गाडी उचलून, चाकं हातांनी हलवून "सगळं घट्ट आहे" असं मला सांगितलं गेलं. सांगणारे खोटं बोलत नव्हते. गाडी उचलली की चाकं लोंबतात, जोडांवरचा भार जातो, आणि ज्या ढिल्या जागेमुळे वॉबल होतो ती दिसतच नाही. ती बघायची असेल तर गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वजनाखाली उभी हवी.

दोन माणसं, अर्धा तास, एक बॅटरी

ही तपासणी घरच्या घरी होते आणि डँपर सोडायच्या पान्याखेरीज तिला एकही हत्यार लागत नाही. सपाट, टणक जमिनीवर गाडी उभी करा. चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड. गाडी जॅकवर अजिबात नको. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, नसेल तर बंद. डँपरचं एक टोक सोडून ठेवा, म्हणजे तो खेळ लपवणार नाही. त्या अवस्थेत गाडी रस्त्यावर मात्र न्यायची नाही. एक माणूस आत बसून स्टेअरिंग घड्याळातल्या दहापासून दोनपर्यंत भराभर डावी-उजवीकडे करत राहील. चाकं पूर्ण वळवायची नाहीत, टायर जमिनीवर फक्त मुरगळला पाहिजे. दुसरा माणूस बॅटरी घेऊन पुढून खाली पडून बघेल. डोकं आणि हात चाकाच्या फिरण्याच्या जागेपासून लांब, आणि खालच्याने "थांब" म्हटल्याशिवाय आतल्याने काही बदलायचं नाही.

बघायचं एकच. जोडलेल्या दोन वस्तू एकत्र हलतात, की एक आधी हलते आणि दुसरी मागून येते? स्टेअरिंग बॉक्सपासून सुरुवात करा आणि चाकाकडे सरका: बॉक्स चासीवर हलतोय का, बॉक्सचा पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात), त्याचा रॉड, रॉडची टोकं, नकल (चाकासोबत वळणारा भाग), टायरॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा), आणि शेवटी पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं. डोळ्याला दिसलं नाही तर जोडावर बोट ठेवा, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. खट्ट असा सूक्ष्म ठोका बोटाला डोळ्यांच्या आधी कळतो.

माझ्याकडे मी आत बसलो होतो आणि भाचा खाली होता. त्याला गाडीतलं फारसं कळत नाही, आणि त्याचाच उपयोग झाला, कारण काय सापडायला हवं हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, "मामा, हा बोल्ट भोकात फिरतोय बघ." मी म्हटलं, "फिरणारच, तिथे रबरी बुश आहे." तो म्हणाला, "रबर नाही हलत. बोल्ट हलतोय."

उतरून पाहिलं. पॅनहार्ड रॉडचं ॲक्सलकडचं टोक. या रॉडचं एक टोक चासीला आणि दुसरं ॲक्सलला, आणि ॲक्सलला आडवं सरकू न देणं हे त्याचं काम. ब्रॅकेट सगळं गंजकट काळं होतं, पण बोल्टच्या वॉशरखालून चंद्रकोरीसारखी एक चकाकती पट्टी डोकावत होती, घासून घासून नाण्यासारखी झालेली. तिच्याखाली तांबूस भुकटी साचली होती, अगदी बारीक, कुंकवासारखी. लोखंडावर लोखंड घासलं की अशीच भुकटी पडते. बोल्ट काढला तर ब्रॅकेटचं गोल भोक आडवं लांबट झालं होतं, आणि भोकाच्या आतल्या कडेवर आट्यांनी पाडलेल्या रेघा होत्या. कुणीतरी पूर्वी मूळ बोल्टऐवजी डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट घातला होता. आटे कानशीसारखे भोक खात गेले होते.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, आणि ती कळल्यावर माझं गाडीखाली बघणंच बदललं. या जोडात बोल्ट खुंटीसारखं काम करत नाही. बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की ब्रॅकेटचे दोन कान त्या नळीला चिमट्यात धरतात, आणि सगळा भार त्या पकडीच्या घर्षणावर असतो. पकड सैल पडली की नळी सरकते, बोल्टला हातोड्याचे घाव बसतात आणि भोक वाढत जातं. वाढलेल्या भोकात नवा बोल्ट कितीही आवळला तरी तो थोडे दिवसच टिकतो. म्हणजे नुसतं आवळून भागत नाही, भोक नीट करावं लागतं.

आम्ही असं केलं. लेथवर ६ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या करून घेतल्या, भोक बोल्टच्या मानेला बरोबर बसेल एवढंच. बॅटरीची वायर काढली, बुश उष्णतेपासून लांब केला, आणि पट्ट्या ब्रॅकेटच्या दोन्ही कानांवर बाहेरून वेल्ड केल्या. वेल्डिंगच्या आधी नवा बोल्ट दोन्हींतून आरपार घालून रेषा जुळवली. नवा बोल्ट १०.९ ग्रेडचा घेतला, आणि त्याची बिनआट्याची मान दोन्ही कानांतून पार जाईल एवढी लांब, आटे फक्त नटकडे. जिथे नळी आणि कान एकमेकांना भिडतात तिथला रंग खरवडून काढला, कारण रंगाचा थर दबतो आणि दबला की पकड सैल होते. बाकी ब्रॅकेटला रंग काम झाल्यावर लावला.

मग आवळणं. बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. रबरी बुशचं रबर नळीला चिकटवलेलं असतं. ॲक्सल लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली ठेवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. पुढच्या लांब आर्मच्या बुशांनाही हेच लागू आहे. आवळण्याचा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या आणि टॉर्क रेंच वापरा. अंदाज यावा म्हणून सांगतो, रँग्लरच्या जेके पिढीत पॅनहार्ड रॉडचा बोल्ट सुमारे १६९ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. आखूड पान्याने नुसत्या मनगटाच्या जोरावर तेवढा आवळ बसत नाही.

त्या दिवशी त्याच पुलावरून, त्याच जोडावरून, त्याच वेगात गेलो. धप्प असा एक आवाज झाला आणि गाडी पुढे गेली. परतताना मी मुद्दाम पुन्हा तिथून आलो. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती गाडी खऱ्या अर्थाने त्या दिवशी माझी झाली, असं मला वाटलं.

चार महिन्यांनी, हलकासा

मग चार महिन्यांनी ८० च्या वेगात पुन्हा हलकी सुरुवात जाणवली. जुना जोर नव्हता, तीन-चार झटके बसले आणि विरले. आधी पॅनहार्ड पाहिला, तो जागच्या जागी होता. सगळ्यात ढिला जोड घट्ट झाला की त्याच्यामागे लपलेला दुसरा पुढे येतो. जुन्या गाडीत हे गृहीतच धरा, आणि पहिली दुरुस्ती वाया गेली असं समजू नका.

या वेळी रॉडचे जोड नाही, तर चाकाचं बेअरिंग आणि नकल तपासायचे होते, म्हणून चाक उचलूनच बघायचं होतं. एका बाजूचं पुढचं चाक जमिनीपासून थोडं वर, खाली जॅकखेरीज पक्का टेकू. टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर तो किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा, म्हणजे नकल ज्यावर वळतो त्या जोडाचा. चाकाचं बेअरिंग असेल तर सुटलात, जुन्या गाड्यांत ते बहुधा आवळून सेट करता येतं. बॉल जॉइंटला सेटिंग नसतं, तो बदलायचा.

किंगपिनवाल्या गाड्यांत, म्हणजे जिम्नी, जुन्या लँड क्रूझर, डिफेंडर, हे काम जरा निगुतीचं आहे आणि बहुतेक ठिकाणी टाळलं जातं. नकल वरच्या आणि खालच्या बेअरिंगवर फिरतो आणि तो थोडा जड फिरावा अशीच रचना असते. हा जडपणाच वॉबलला पहिला अडवतो. तो मोजता येतो: टायरॉड आणि दुसरा रॉड नकलवरून सोडा, टायरॉडच्या भोकात स्प्रिंगचा ताणकाटा अडकवा आणि नकल हलायला किती ओढ लागते ते बघा. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. माझा उजवा नकल त्या मर्यादेत होता. डावा मात्र एका बोटाने फिरत होता.

उघडल्यावर कारण दिसलं. खालच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कडीत, अगदी सारख्या अंतरावर, रोलरच्या आकाराचे बारीक खड्डे पडले होते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, रोलर त्याच जागी राहतात, आणि प्रत्येक धक्का तिथेच बसतो. स्टेअरिंग मध्यावर हलकं अडकल्यासारखं वाटत असेल तर ते हेच. आतलं ग्रीसही पातळ, काळं झालं होतं, कारण ॲक्सलचं आतलं सील गळत होतं आणि डिफरन्शिअलचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळत होतं. नुसती शिम (जोडातली पातळ पत्र्याची चकती) काढून आवळ वाढवला असता तर आकडा जमला असता, पण खड्डे राहिले असते. म्हणून बेअरिंग कडीसकट, सील, ग्रीस सगळं नवं केलं आणि मग शिमांनी ओढ मॅन्युअलप्रमाणे जमवली. वेळ गेला, पण दोन्ही बाजूंचं एकाच वेळी केलं.

स्टेअरिंग बॉक्सच्या बाबतीत सावध राहा. वरच्या स्क्रूने त्याचा खेळ कमी करता येतो, म्हणून अनेक जण आधी तोच पिळतात. जास्त पिळला तर बॉक्स मध्यावर घट्ट होतो आणि स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. आधी बाकी सगळे जोड, मग बॉक्स.

गाडी उंच केली असेल तर

लिफ्ट केलेल्या गाडीत दोन गोष्टी बिघडतात. पुढच्या आर्मचा कोन बदलल्याने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग हातातून सोडलं की सरळ यायला हवं, ते येत नाही, आणि गाडी रस्त्यावर भटकल्यासारखी वाटते. त्यासाठी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश किंवा आर्म मिळतात. पण 'जास्त तितकं चांगलं' इथे चालत नाही, कॅस्टर फार वाढला तरी वॉबलला मदतच होते. दुसरी गोष्ट, पॅनहार्ड रॉड आणि त्याच्या शेजारून स्टेअरिंगकडून येणारा रॉड समोरून पाहिल्यावर एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एकाचंच ब्रॅकेट उंच केलं असेल तर गाडी प्रत्येक खड्ड्यात स्वतःच थोडी वळते. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत बहुधा पॅनहार्ड नसतो, तिथे शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे, बुश आणि पाट्यांचे यू-बोल्ट बघा.

टायर मागे-पुढे बदलून पाहायला हरकत नाही. बदलल्यावर वॉबल गेला तर तो टायर ठिणगी होता, वाकडा किंवा आतून पट्टा सुटलेला असेल. तो बदला, पण तपासणी थांबवू नका. हवेच्या दाबाचंही तसंच. ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, कमी केलेली हवा परत भरायला विसरलात तर वॉबल लवकर सुरू होतो, आणि भरल्यावर लांबतो एवढंच.

अजून गाडी घेतली नसेल, शोधत असाल, तर हे सगळं घेण्याआधीच बघता येतं, आणि मालक सज्जन असेल तर तो खाली पडून बघू देतो. जुन्या गंजक्या खालच्या अंगावर एकच चकचकीत नवा डँपर दिसला तर थांबून विचारा. बोल्ट एकमेकांशी जुळत नसतील तर विचारा. स्टेअरिंग बॉक्स चासीला जिथे बसतो तिथे रंगाखालची बारीक भेग शोधा, नखाने चाचपा. तिथे नुकताच जाड काळा रंग मारला असेल तर तो भाग स्वच्छ करून दाखवायला सांगा. पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर चाकांचं टो, म्हणजे ती समोर सरळ न राहता आत किंवा बाहेर वळलेली असणं, बिघडलेलं आहे. आणि गाडी फक्त गल्लीत चालवून परत येऊ नका. मालकाला शेजारी बसवून, काय करणार ते आधी सांगून, मोकळ्या रस्त्यावर ६०-७० ने एखाद्या जोडावरून न्या. यातलं काही सापडलं म्हणून गाडी सोडूनच द्यावी असं नाही. माझ्या गाडीतलं एकही काम असाध्य नव्हतं. फक्त ते माहीत असून घ्यावी.

काम झाल्यावर प्रत्येक बोल्टवर मी पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे, अर्धी नटवर आणि अर्धी ब्रॅकेटवर. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, आणि आता प्रत्येक ट्रेलनंतर धुतल्यावर रेघा बघतो. दोन मिनिटांचं काम आहे. पॅनहार्डची रेघ पहिल्या दिवसासारखी सरळ आहे. परवा डाव्या आर्मच्या मागच्या बोल्टची रेघ केसभर तुटलेली दिसली, म्हणून तो सोडून नळी आणि ब्रॅकेट पाहिलं. घासल्याची खूण नव्हती, भोक गोल होतं. गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळला आणि नवी रेघ मारली.